लवकर आलेली गाडी

नोकरी सुटल्यावर माझ्या दादाने विमान घेतलं. हे वाक्य ऐकलं की समोरचा हसतो, म्हणून पुढचं घाईने सांगावं लागतं: इंजिन नसलेलं विमान, ग्लायडर. दादाने उभा जन्म डोंबिवलीच्या एमआयडीसीत केमिकलच्या वासात काढला. शनिवार-रविवारी घाटावरच्या एका मैदानावर जाऊन तो ग्लायडिंग शिकला. तिथला एक जुना ग्रुप मोडला, तेव्हा त्यांचं ग्लायडर दादाने आणि त्याच्या दोन मित्रांनी मिळून घेतलं.

ग्लायडर आलं तसं त्याची पेटीही आली. पंख काढून, धड आणि शेपटी नीट बांधून ज्यात ठेवतात तो ट्रेलर. वारा संपला की ग्लायडर जिथे असेल तिथे, कुणाच्याही शेतात उतरतं. मग कुणीतरी गाडीला ट्रेलर जोडून तिथे जायचं, विमान सुटं करायचं, पेटीत भरायचं आणि परत आणायचं. दादाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. जड क्लच त्याला झेपत नाही. आणि मला गाडी चालवायला लहानपणापासून आवडते. तेव्हा हे कुणीतरी म्हणजे मी, हे आमच्या दोघांत न बोलता ठरलं. मी ठाण्यात एका कॉलेजची लायब्ररी सांभाळते. सुट्ट्या भरपूर, आणि घरी वाट बघणारं कुणी नाही.

ट्रेलर दादाच्या एका मित्राच्या शेडमध्ये, एमआयडीसीतच ठेवलेला. पहिल्यांदा शटर वर गेलं तेव्हा मी उंबऱ्यावरच थांबले. पांढरी, बंद, अरुंद पेटी. एका टोकाला उंच आणि तिथून निमुळती होत पार मागच्या भिंतीपर्यंत गेलेली. दोनच चाकं, ती मधोमध.

"ही अशी का आहे रे?"

"कशी?"

"अशी."

दादाला कळलं, पण त्याने वळवलं. "पंख लांब असतात गं. त्यांना निजवून ठेवावं लागतं."

निजवून हा शब्द त्याने सहज वापरला. वहिनी त्या दिवशी आमच्याबरोबर आलेली. ती शटरच्या आत आलीच नाही. बाहेर उभी राहून पदराने नाक झाकत म्हणाली, "वास येतोय." एमआयडीसीत वास येतोच, त्यामुळे पुढे कुणी काही विचारलं नाही.

आधी आम्ही माझीच छोटी गाडी लावून बघितली. मागे हूक बसवून घेतला. दादाने घरच्या बाथरूममधला वजनकाटा आणून ट्रेलरच्या नाकाखाली, म्हणजे गाडीला जोडायच्या टोकाखाली ठेवला आणि आतलं सामान पुढे-मागे सरकवत काटा हवा तिथे आणला. नाक फार हलकं असेल तर ट्रेलर शेपटी हलवतो, फार जड असेल तर गाडीचं बूड बसतं आणि पुढची चाकं रस्ता सोडू बघतात, हे त्याने मला तिथे उकिडवं बसून समजावलं. खरी गोष्ट वेगळीच होती. ओढणारा हा ओढल्या जाणाऱ्यापेक्षा चांगला जड हवा, आणि माझी गाडी तशी नव्हती. तरी बघू म्हणून निघालो.

रविवारी एमआयडीसीतले रस्ते ओस असतात. युनिटांची फाटकं बंद, नाल्यातलं पाणी कुठल्यातरी रंगाचं, हवेत गोडसर औषधी वास. सरळ रस्ता लागला म्हणून मी जरा वेग घेतला. आरशात ट्रेलर डाव्या बाजूने थोडा जास्त दिसला. मग उजव्या बाजूने. मग परत डाव्या, आता आणखी जास्त. स्टिअरिंग हातात एकदम हलकं झालं, जसं काही ते कशालाच जोडलेलं नाही. कुणीतरी मागून आम्हाला शेपटीला धरून हलवत होतं, आणि त्याला घाई नव्हती.

"ब्रेक नको!" दादा ओरडला. "पाय उचल. फक्त पाय उचल."

मी पाय उचलला. ट्रेलर आणखी दोन-तीनदा आम्हाला झुलवून हळूहळू शांत झाला. गाडी थांबल्यावर मी इंजिन बंद केलं. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. तेवढ्यात मागच्या पेटीत काहीतरी सावकाश सरकलं आणि थांबलं. झोपलेलं माणूस कूस बदलतं ना, तसा आवाज.

"पंखाचा पट्टा ढिला झालाय," दादा म्हणाला. तो उतरला नाही मात्र. 

मग शेजाऱ्यांची नवीकोरी उंच गाडी. वजनाला ती चांगली होती, पण मागच्या चाकांपासून बंपरपर्यंतचं अंतर फार. दादाने रस्त्यावर बोटाने रेघ मारून मला दाखवलं: चाकाच्या मागे हूक जितका लांब, तितकी ट्रेलरला गाडी हलवायची ताकद जास्त. शिवाय तिची स्प्रिंग इतकी मऊ की ट्रेलर जोडताच मागून बसली आणि दिवे आभाळाकडे गेले. पुलाच्या चढावर गिअरबॉक्सचा जळका वास यायला लागला. शेजारी आमच्याबरोबर मागे बसलेले. हौसेने आलेले, पण सबंध वाटेत एकदाही त्यांनी वळून ट्रेलरकडे पाहिलं नाही. घरी आल्यावर म्हणाले, "परत नका मागू हं. गाडीचं काही नाही, पण नका मागू."

तेव्हा दादाने ठरवलं की नव्या गाड्यांचा नाद सोडायचा. आपल्याला पाहिजे लांब चाकअंतराची, मागच्या चाकांवर चालणारी, जुन्या पद्धतीची डिझेल गाडी. वेग नको. पहिल्या गिअरमध्ये चिखलातून पेटी ओढून काढायचा जोर हवा, खाली भक्कम चासी हवी. गावागावात काळी-पिवळी म्हणून दहा-बारा माणसं कोंबून फिरतात, त्या जातीची.

तशी गाडी मिळाली ठाण्यात. खोपटच्या एसटी डेपोच्या मागच्या बाजूला जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणारा एक माणूस आहे. तोंडात सुपारी, बोलणं अर्धं हिंदी. त्याच्या आवाराच्या कोपऱ्यात ती भिंतीला तोंड करून उभी होती. करड्या रंगाची, रंग नुकताच दिलेला, बंद टपाची. इंजिन एका फटक्यात सुरू झालं. दादा गुडघा सांभाळत खाली वाकला, चासीवर हाताने ठोकून बघितलं आणि वर येताना त्याचा चेहरा खुललेला होता.

"कुणाची होती?" मी विचारलं.

"स्टाफ की गाडी थी, मॅडम. एकदम मेंटेन्ड."

मागे मात्र डाव्या अंगाला एकच लांब बाक होता. उजव्या अंगाला काहीच नाही. नुसता पोलादी पत्रा, आणि त्यावर पुढून मागपर्यंत गेलेल्या दोन पट्ट्या. सामानासाठी, असं तो म्हणाला. दादा खूश झाला. पंख टेकवायचे लाकडी घोडे तिथे बरोबर बसतील. मी वाकून बघितलं तर पट्टीच्या खाचेत तुळशीची वाळकी काडी अडकलेली. आतमध्ये फिनेल, आणि फिनेलच्या खाली अत्तरासारखं काहीतरी.

आता वाटतं, कळायला हवं होतं. पण माणूस गाडी बघायला जातो तेव्हा टायर बघतो.

मागचं दार काही केल्या उघडेना. तो माणूस ओढत होता, मी ओढलं, दादाने ओढलं. शेवटी आम्ही पुढून आत शिरलो. "तेल डालना पडेगा," एवढंच तो म्हणाला. माझी छोटी गाडी त्याच्याकडे ठेवून, ट्रेलर ओढून बघतो आणि मग सांगतो, असं ठरवून आम्ही निघालो.

खोपटपासून डोंबिवलीपर्यंत मी ती चालवत आणली. काहीतरी चुकतंय असं मला सारखं वाटत होतं आणि काय ते सापडत नव्हतं. गाडी तर उत्तम चालत होती. शीळ रस्त्याला लागल्यावर मोठमोठे ट्रक, मध्येच घुसणाऱ्या रिक्षा, नेहमीचा गोंधळ. तरी आमच्यापुढे वाट होत होती. शेवटी सिग्नलला थांबल्यावर लक्षात आलं. ठाण्यातून निघाल्यापासून आम्हाला एकानेही हॉर्न मारला नव्हता.

शेजारच्या रिक्षावाल्याने मान वळवून गाडीकडे बघितलं. मग नकळत, जसं आपण देवळावरून जाताना करतो, तसा हात कपाळाला लावला आणि समोर बघायला लागला.

"दादा, बघितलंस?"

"काय?"

"काही नाही."

पुढच्या रविवारी सकाळी ट्रेलर जोडला. दादाच्या मित्राने गाडीच्या मूळच्या हुकावर कपलिंग बसवून दिलेलं. दिवाळी होऊन गेलेली, भातं कापून झालेली. डोंबिवलीतून कल्याणच्या बाजूने बाहेर पडून मलंगगडाच्या दिशेने जायचं ठरवलं, कारण तिकडे चढ-उतार आहेत, मोकळे पट्टेही आहेत. पहिल्या काही मिनिटांतच मला कळलं की हीच गाडी. ट्रेलर मागे आहे हे विसरायला होत होतं. ब्रेक मारला तर दोघं एकत्र थांबायचे, वळवलं तर तो मुकाट्याने मागून वळायचा. खड्ड्यात एकदाही शेपटी हलली नाही. दादा शिट्टी वाजवत होता.

शहर मागे पडलं. दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताचे खुंट, त्यावर धुरकट ऊन, आणि लांबवर मलंगगडाचे सुळके. एका गावाच्या तोंडाशी, चिंचेखाली, एक माणूस रस्त्याच्या मधोमध उभा होता. पन्नाशीचा असेल. अंगात बनियन, खांद्यावर पंचा. त्याने हात वर केला. अडवायला करतात तसा घाईने नव्हे. एसटी ठरल्या वेळेला आली की करतात तसा.

मी थांबले. तो माझ्या खिडकीशी आला.

"आलात? बरं झालं. लवकर आलात."

मी दादाकडे बघितलं. त्या माणसाची नजर मागे गेली, ट्रेलरवरून शेवटपर्यंत फिरली आणि परत आली.

"आनि ही येवडी लांब पेटी कशाला आनली? आमची आय येवडीशी हाय."

त्याने हाताने दाखवलं, केवढीशी ते. 

दादा उतरला. "काका, काहीतरी गैरसमज होतोय. आम्हाला कुणी पाठवलेलं नाही. ह्यात ग्लायडर आहे. विमान. आम्ही गाडीची ट्रायल घेतोय."

"विमान," तो म्हणाला. थोडा वेळ त्याने त्या शब्दावर विचार केला. "पन गाडी तर तीच हाय."

आणि तो चालत गाडीच्या मागे गेला. मी आरशात बघत होते. ट्रेलरच्या दांड्यावरून पाय टाकून तो मागच्या दाराशी उभा राहिला, मूठ वर उचलली, गुडघ्याने दाराला एक धक्का दिला आणि दार उघडलं. आम्हा तिघांना न उघडलेलं ते दार. आत उजेड आला.

"आमच्या बापाला यातनंच नेला," तो आत बघत म्हणाला. "मंग चुलत्याला. तवा ही पांढरी होती. तुमी रंग बदलला."

दादाचा हात गाडीच्या पत्र्यावर होता. तो त्याने काढून घेतला.

त्याची आई पहाटे गेलेली. गावातल्या स्मशानाची शेड पडलेली, म्हणून कल्याणला न्यायचं होतं. गाडीसाठी फोन केला होता, दुपारपर्यंत येईल असं पलीकडून सांगितलेलं. मग ही दिसली. त्याला त्यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. नवल आम्हालाच वाटत होतं.

घर रस्त्याच्या कडेलाच होतं. अंगणात माणसं बसलेली, मधे पांढऱ्या कपड्याखाली खरोखरच एवढीशी आकृती. कुणी रडत नव्हतं, रडून झालं असावं. सगळ्यांनी माना वर करून गाडीकडे बघितलं आणि परत खाली घातल्या. ठरलेली गोष्ट आली, एवढंच.

दादा माझ्या खिडकीशी आला. "निघूया," तो हळूच म्हणाला. "त्यांची गाडी येईल. आपलं काम नाही हे."

त्याचं बरोबर होतं. पण मी त्या माणसाकडे बघितलं. तो दार उघडं धरून उभा होता, आपण कुणासाठी लिफ्टचं दार धरतो तसा, आणि आम्ही जातो की राहतो हा प्रश्न त्याच्या डोक्यात नव्हताच.

"ट्रेलर सोडव, दादा," मी म्हणाले.

चिंचेखाली ट्रेलर उभा केला, चाकांना दगड लावले. तिरडी आणली. ती उजव्या बाजूला त्या दोन पट्ट्यांमध्ये सरकवली तेव्हा खट्ट असा लहानसा आवाज झाला आणि ती बसली. ना एक बोट इकडे, ना तिकडे. दादा डोळे फाडून बघत होता. पुरुष मंडळी डाव्या बाकावर बसली, त्यांच्यात दादाही. एक म्हातारे गृहस्थ माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई चालवनार?"

तिचा मुलगा, ज्याने आम्हाला थांबवलं तो, पुढे माझ्या शेजारी बसत म्हणाला, "चालवू दे. गाडी तिच्याकडं आलीय."

त्या गाडीत बारीकसारीक खडखडाट होता. कुठेतरी सैल काच, कुठेतरी पत्रा. निघाल्यावर तो सगळा थांबला. इतकी शांत गाडी मी आजवर चालवलेली नाही. मुलगा समोर बघत बसलेला. मागे कुणी बोलत नव्हतं. मला त्या बाजूचे रस्ते माहीत नव्हते, पण शहरात शिरेपर्यंत सरळच जायचं होतं, तेव्हा विचारायची वेळ आली नाही.

शहरात एक मोठा चौक लागला. तिथे मी डावीकडे वळले.

"रस्ता ठावा हाय तुमाला?" मुलगा म्हणाला.

"नाही."

"मंग वळलाव कशा?"

"मागून सांगितलं ना कुणीतरी. डावीकडं घे गो, म्हणून."

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, त्याला ऐकू आलं नसेल. मग आरशात बघितलं. बाकावर सगळे पुरुष, दादा त्यांच्या मधे. आणि जे मी ऐकलं होतं ते बाईचं बोलणं होतं. वय झालेल्या बाईचं, जरासं थकलेलं, घरातल्या सुनेला किंवा लेकीला सांगतात तसं. गो असं मला आजवर कुणी म्हटलेलं नाही.

मुलाने तोंड खिडकीकडे वळवलं. बाहेर बघतच म्हणाला, "तिला रस्त्यांचं लय होतं. रिक्षात बसली का रिक्षावाल्याला सांगायची." एवढंच. मी कल्याणच्या त्या स्मशानाच्या फाटकातून आत गेले. तिथे लाकडांपाशी उभा असलेला एकजण गाडी बघून पुढे आला आणि बॉनेटवर थाप मारून म्हणाला, "अरे, ही परत चालू झाली?"

मी गाडीतच बसून राहिले. दादा खांदा देऊन आला. आल्यावर नळाखाली हातपाय धुऊन माझ्या शेजारी बसला. मी त्याला चौकातलं सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं.

"मागे कुणी बोललं नाही," तो म्हणाला. "मी होतो ना. कुणी म्हणजे कुणीच नाही."

ट्रेलर आणायला परत गावात जाणं भागच होतं. मंडळींनाही पोचवायचं होतं. चिंचेजवळ आलो तर ट्रेलरभोवती बायका बसलेल्या. चार-पाचजणी, जमिनीवर, गुडघे जवळ घेऊन. ट्रेलरच्या उंच टोकापाशी कुणीतरी पणती लावलेली आणि उदबत्ती खोचलेली. त्यातली सगळ्यात म्हातारी उठत म्हणाली, "येकटी ठेवू नये. म्हनून बसलो."

"अहो, पण ह्यात कुणी नाहीये," मी म्हणाले. माझा आवाज चढला. "विमान आहे ह्यात. खरंच."

त्या माझ्याकडे समजुतीने बघत राहिल्या, दुःखात माणूस काहीही बोलतं असं धरून. मला ते सहन होईना. "दादा, उघडून दाखव त्यांना," मी म्हणाले.

दादाने कड्या काढल्या आणि झाकण वर केलं. आत पंख होते, एकमेकांना लागून निजवलेले, पांढरे, मऊ कापडाच्या पट्ट्यांनी बांधलेले. धड मधे, बसायच्या जागेच्या काचेवर कापड टाकलेलं. मी हे पूर्वी अनेकदा बघितलेलं. त्या दिवशी, त्या बायकांच्या मागे उभी राहून बघितलं तेव्हा मला पणती विझवा असं म्हणवेना.

म्हातारीने पंखाला बोट लावलं. "हलकं हाय," ती म्हणाली. मग, "यात कोन बसतं?"

"मी," दादा म्हणाला.

 सगळ्याजणी एक पाऊल मागे सरल्या आणि त्याला जागा करून दिली.

परतीच्या वाटेवर ट्रेलर येताना जसा आला तसाच गुणी मुलासारखा मागून आला.  शेडचं शटर ओढल्यावर दादा म्हणाला, "ही नको. दुसरी बघू."

दुसऱ्या दिवशी मी एकटी गाडी घेऊन खोपटला गेले. कॉलेजला दांडी मारली. त्या माणसाला विचारलं, "ही शववाहिका होती?"

त्याने सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात घेतली. "तुम्ही विचारलं नाही, मॅडम."

"विचारलं होतं. तुम्ही स्टाफची म्हणालात."

"स्टाफ की ही थी. मंडल का स्टाफ." मग जरा खालच्या आवाजात मराठीत म्हणाला, "मयतं पोचवणारं मंडळ आहे, त्यांनी नवीन एसी गाडी घेतली. ही कुणी घेत नाही. कुणाला सांगितलं नाही तरी बघून परत जातात. तुम्ही पहिल्या, ज्या परत आलात."

मी ती घेतली. का, ते मी दादाला पुष्कळदा समजावलेलं आहे. चाकअंतर, चासी, खालच्या गिअरचा जोर, नाकाचं वजन. सगळं त्यानेच शिकवलेलं. तो ऐकतो आणि मान हलवतो. घ्यायचं खरं कारण ते नव्हतं, हे त्यालाही माहीत आहे. त्या दिवशी त्या गाडीत मला भीती वाटली होती. पण एकटं वाटलं नव्हतं. ह्याच्यापुढे मला सांगता येत नाही.

वहिनी त्या गाडीत आजवर बसलेली नाही. गाडी सोसायटीत आणायची नाही, ही तिची अट. म्हणून ती शेडमध्येच असते, ट्रेलरच्या शेजारी. मागचं दार मी आता एका झटक्यात उघडते. आवाज परत कधी आला नाही. त्या चौकातून मी नंतर गेलेय, मुद्दाम गेलेय, एकटी. काही झालं नाही.

गेल्या हिवाळ्यात दादा घाटावर एका हरभऱ्याच्या शेतात उतरला. त्याचा फोन आला आणि मी मैदानावरून गाडी-ट्रेलर घेऊन गेले. विमान सुटं करायला शेतकऱ्याच्या घरातली माणसं हाताशी आली. दादा दमलेला, पण मजेत होता. आज कुठवर गेलो, कसा वर गेलो, सगळं सांगत होता. गुडघा दुखतोय म्हणून मागच्या बाकावर पाय लांब करून पडला. घाट उतरायच्या आधी चहाला थांबावं म्हणून मी हाक मारली.

"दादा, चहा घेऊया?"

उत्तर आलं नाही. झोपला असेल. बाकावर आडवं पडलेलं माणूस आरशात दिसत नव्हतं, नुसती ट्रेलरची पांढरी कड दिसत होती. मी परत हाक मारली, मोठ्याने. मग अजून एकदा. भर दुपारचं ऊन होतं, रस्त्यावर वाहनं होती. मी गाडी कडेला घेतली, उतरले, पळत मागे गेले, दार उघडलं.

दादा उताणा पडलेला. हात छातीवर. डोळे उघडे.

"ओ का देत नाहीस?" मी ओरडलेच.

त्याने माझ्याकडे बघायला जरासा वेळ लावला. "हाक मारलीस?" तो म्हणाला. "इथे काही ऐकू येत नाही गं. वर कसं असतं ना, वारा थांबल्यावर, तसंच आहे इथे. फार बरं वाटतं."

मी त्याला हात धरून उठवलं, पुढे आणून बसवलं, पट्टा लावायला लावला. चहा प्यायला आम्ही थांबलो नाही. डोंबिवली येईपर्यंत मी त्याला गप्प बसू दिलं नाही. ह्या कंपनीचं काय झालं, त्या शेजाऱ्यांचा मुलगा कुठे असतो, वहिनीने लोणचं कसलं घातलंय, सुचेल ते विचारत राहिले. त्याला मधे दोनदा जांभई आली. दोन्ही वेळा मी त्याला कोपराने ढोसलं.